कर्ता, करण आणि निमित्त : ऑनलाइन व्यापारातील कारणमीमांसेची चिकित्सा

१

ऑनलाइन व्यापाराच्या व्यवस्थापनविषयक लेखनात 'मूळ कारण' हा शब्दप्रयोग आता पारिभाषिक संज्ञेच्या पदवीस पोचला आहे. मागवलेली वस्तू वेळेवर न पोचणे, एकच नग दोन गिऱ्हाइकांना विकला जाणे, सवलतीच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडणे, दारापर्यंत गेलेले पार्सल परत वखारीत येणे, अशी कोणतीही अडचण उद्भवली की तिची चौकशी होते, चौकशीचे टिपण लिहिले जाते आणि त्या टिपणात 'मूळ कारण' या शीर्षकाचा एक रकाना असतो. तो बहुधा एकाच वाक्याने भरला जातो. त्या एका वाक्यावरून पुढे खर्च मंजूर होतो, यंत्रणा बदलते, कोणाची नोकरी राहते आणि कोणाची जाते.

या टिपणांचा विचार आजवर प्रामुख्याने अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन या शास्त्रांनी केला आहे. वस्तुतः ती आधी भाषिक कृती आहेत. घडलेल्या गुंतागुंतीच्या व्यवहारातून काही क्रियापदे निवडली जातात, त्यांना कर्ते दिले जातात किंवा नाकारले जातात आणि मग जे वाक्य तयार होते त्याला कारण म्हटले जाते. तपासाची दिशा पुष्कळदा या निवडीतच ठरून जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते तपासून पाहण्यासाठी येथे चार गोष्टींची चिकित्सा केली आहे : तैइची ओनो यांची 'पाच वेळा का' ही पद्धती, फ्लिपकार्ट या कंपनीचे २०१४ सालचे क्षमापत्र, अ‍ॅमेझॉनच्या संगणकसेवा विभागाचे २०१७ सालचे निवेदन आणि न पोचलेल्या पार्सलांच्या नोंदींची रूढ भाषा.

२

ओनो यांचा टोयोटा उत्पादनपद्धतीवरील ग्रंथ जपानीत १९७८ साली आणि इंग्रजीत १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील उदाहरण सुप्रसिद्ध आहे. यंत्र बंद पडले, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला पुरेसे वंगण मिळाले नाही. वंगण मिळाले नाही, कारण वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. दांडा झिजला, कारण गाळणी बसवलेली नव्हती आणि धातूचा कीस आत गेला. पाच वेळा 'का' विचारल्याने फ्यूज बदलून स्वस्थ बसण्याऐवजी गाळणी बसवली जाते, हा या पद्धतीचा लाभ आहे आणि तो खरा आहे. वरवरच्या उपायावर समाधान न मानण्याची सवय तिने कारखान्यांना लावली.

ही पद्धती ऑनलाइन व्यापारात आली तेव्हा तिचे क्षेत्र मात्र बदलले. अ‍ॅमेझॉनच्या एका वखारीत २००४ साली एका कामगाराच्या अंगठ्याला इजा झाली असता संस्थापक जेफ बेझोस यांनी फळ्यावर ही प्रश्नमाला लिहिली, अशी हकीकत एका माजी कर्मचाऱ्याने नमूद केली आहे. अंगठा सरकत्या पट्ट्यात अडकला. कारण कामगार पट्ट्यावरून निघालेली आपली पिशवी धरायला गेला. कारण पिशवी पट्ट्यावर ठेवली होती आणि पट्टा अकस्मात सुरू झाला. कारण तो पट्ट्याचा उपयोग टेबलासारखा करीत होता. निष्कर्ष असा की जवळपास टेबल नव्हते, ते पुरवावे. कामगाराला दोष न देता परिस्थितीकडे पाहणारा हा निष्कर्ष अभिनंदनीय आहे. तथापि तिसऱ्या उत्तरात दोन गोष्टी होत्या, पिशवी ठेवणे आणि पट्टा अकस्मात सुरू होणे. पुढचा 'का' पहिलीला विचारला गेला. दुसरीला विचारला असता तर पट्टा सुरू होण्यापूर्वी इशारा का मिळत नाही, या प्रश्नापाशी चौकशी गेली असती. म्हणजे साखळी सरळ दिसते ती प्रत्येक पायरीवर एक फांदी सोडून दिल्यामुळे, आणि कोणती फांदी सोडली याची नोंद कोठेच राहत नाही.

दुसरी अडचण खुद्द 'का' या शब्दाची आहे. मराठीत 'कशामुळे' आणि 'कशासाठी' असे दोन निराळे प्रश्न विचारता येतात. पहिल्याचे उत्तर कारण, दुसऱ्याचे हेतू. 'का' या एका अक्षरात हे दोन्ही मावतात. 'पाणी का उकळले?' आणि 'पाणी का उकळलेस?' यांतला फरक केवळ क्रियापदाच्या प्रत्ययाचा आहे, परंतु दुसऱ्या प्रश्नाला जाब विचारण्याचा सूर आपोआप येतो. 'उशीर का केलास?' हा प्रश्न माहितीसाठी विचारला जात नाही, हे कोणीही मराठी भाषक जाणतो. त्याचे उत्तर सबब असते. वखारीतील मुकादमाने हाताखालच्या माणसाला पाच वेळा 'का' विचारले तर पाच सबबी मिळण्याचाच संभव अधिक.

एट्सी या हस्तकलावस्तूंच्या ऑनलाइन बाजारपेठेत तांत्रिक विभागाची धुरा वाहणारे जॉन ऑल्स्पॉ यांनी २०१२ साली दोषारोपरहित चौकशीचा पुरस्कार केला आणि २०१४ साली 'का' सोडून 'कसे' हा प्रश्न अखंड विचारावा असे सुचवले, त्यामागे हीच जाणीव आहे. 'कसे' या प्रश्नाला वर्णन हे उत्तर असते. त्या क्षणी त्या माणसाला काय दिसत होते, त्याला ते योग्य का वाटले, कोणती खूण त्याला मिळालीच नाही, हे वर्णनातून बाहेर येते. २०१५ साली लुंड विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात ऑल्स्पॉ यांनी एट्सीतील एका बिघाडाच्या वेळी अभियंत्यांनी विचार कसा केला याचा मागोवा घेतला. अभियंते प्रथम 'अलीकडे काय बदलले?' हे शोधतात, असे त्यांना आढळले. ही युक्ती बिघाड दुरुस्त करताना उपयोगी असते. परंतु चौकशीचा निष्कर्ष म्हणून तीच स्वीकारली तर जे वर्षानुवर्षे तसेच राहिले ते कारणांच्या यादीत कधीच येत नाही.

३

पुढील विवेचनासाठी मराठीच्या एका विशेषाची आठवण ठेवणे उपयुक्त ठरेल. 'रामाने कप फोडला', 'रामाच्या हातून कप फुटला' आणि 'कप फुटला' ही तीन वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. पहिल्यात राम स्वतंत्र कर्ता आहे. दुसऱ्यात राम आहे, पण त्याची इच्छा नाही. तिसऱ्यात राम नाहीसा झाला आहे आणि कप स्वतःच फुटल्यासारखा दिसतो. फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, पाडणे-पडणे, सोडणे-सुटणे अशा जोड्या मराठीत विपुल आहेत आणि कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांची चर्चा दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत सातत्याने झालेली आहे. व्यापारातील टिपणे जवळजवळ सर्वत्र तिसऱ्या प्रकारची असतात : सर्व्हर पडला, साठा संपला, ऑर्डर अडकली, पार्सल हरवले. या रूपात खोटे काहीच नसते. मात्र 'कोणी?' हा प्रश्न व्याकरणदृष्ट्याच उद्भवत नाही.

फ्लिपकार्टने ६ ऑक्टोबर २०१४ रोजी 'बिग बिलियन डे' या नावाने एक दिवसाची प्रचंड सवलतविक्री केली. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे दहा तासांत सुमारे ६०० कोटी रुपयांची विक्री झाली. त्याच दिवशी संकेतस्थळ वारंवार बंद पडले, अनेक वस्तू काही मिनिटांत संपल्या, स्वीकारलेल्या ऑर्डरी नंतर रद्द झाल्या आणि किमतींविषयी तक्रारी आल्या. दुसऱ्या दिवशी सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या संस्थापकांनी ग्राहकांना क्षमापत्र पाठवले. आपली तयारी अपुरी पडली, हे त्यात स्पष्टपणे मान्य केले होते. भारतीय व्यापारजगतात असा कबुलीजबाब विरळा, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

त्या पत्रातील कारणे मात्र तपासण्यासारखी आहेत. किमती, साठा, रद्द ऑर्डरी आणि संकेतस्थळ अशा चार अडचणी पत्रात स्वतंत्रपणे मांडल्या आहेत. संकेतस्थळाविषयी सांगितले आहे की सुमारे ५,००० सर्व्हर लावले होते व वीसपट वर्दळीची तयारी होती, परंतु दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वर्दळ त्याहूनही फार वाढली. 'अपेक्षेपेक्षा अधिक' ही तुलना आहे आणि तुलनेला दोन बाजू असतात. पत्र गर्दीला कर्तेपण देते. अपेक्षा कोणी, कशावरून बांधली, हे वाक्यात येत नाही. ज्या विक्रीची जाहिरात गर्दी जमावी म्हणूनच केलेली असते, तिच्यात गर्दी हे अपयशाचे कारण म्हणून सांगणे म्हणजे उद्दिष्टालाच कारणाच्या जागी बसवणे होय.

रद्द ऑर्डरींचे स्पष्टीकरण याहून बोधप्रद आहे. अनेक ग्राहकांनी एकाच वस्तूची ऑर्डर एकाच क्षणी दिल्याने काही वस्तूंची जादा नोंदणी झाली, असा त्याचा आशय आहे. बाजारातल्या दुकानात असे होत नाही, कारण तेथे वस्तू हीच स्वतःची मोजदाद असते. शेवटचा नग एकाच्या हातात गेला की दुसऱ्याला रिकामे फडताळ दिसते. ऑनलाइन व्यापारात वस्तू वखारीत असते आणि तिची संख्या निराळ्या नोंदवहीत असते. संख्या वाचणे आणि ती एकाने कमी करणे यांच्यामध्ये क्षणाचा अवकाश असला की त्या अवकाशात दुसरे गिऱ्हाईक जुनीच संख्या वाचते. हा अवकाश बंद करता येतो, परंतु त्यासाठी प्रत्येक ऑर्डरीला थोडे थांबावे लागते आणि गर्दीत ते थांबणे महाग पडते. नग केव्हा राखून ठेवायचा, गिऱ्हाइकाने तो टोपलीत टाकताच की पैसे भरल्यावर, हाही निवडीचाच भाग आहे. म्हणून एकाच क्षणी अनेकांनी मागणी करणे ही घटना आहे, तर त्या घटनेचे रद्द ऑर्डरीत रूपांतर होणे हा आधी केलेल्या योजनेचा परिणाम आहे. पत्रातले वाक्य पहिल्या गोष्टीपाशी थांबते.

क्षमापत्र हा वाङ्मयप्रकार चौकशीच्या टिपणाहून भिन्न असतो, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो काही अंशी ग्राह्य आहे. पत्राचा हेतू ग्राहकांची समजूत घालणे हा होता. परंतु कंपनीने पुढच्या वर्षी काय केले हे पाहिले म्हणजे पत्रात न आलेले कारण उपायातून प्रकट होते. २०१५ साली ही विक्री १३ ते १७ ऑक्टोबर अशी पाच दिवस चालली, वस्तूंचे वर्ग निरनिराळ्या दिवसांवर विभागले गेले आणि 'डे' या एकवचनाचे 'डेज' असे अनेकवचन झाले. वर्दळ ही बाहेरून आलेली आपत्ती असती तर केवळ सर्व्हर वाढवणे पुरेसे होते. नावातले वचन बदलावे लागले, यावरून सर्व मागणी एका दिवसात कोंबण्याची योजना हीच अडचणीच्या मुळाशी होती, असे अनुमान करता येते. ६ ऑक्टोबर हा दिवससुद्धा मागणीच्या हिशेबाने निवडलेला नव्हता. संस्थापकांनी बंगळूरमधील ज्या सदनिकेत धंदा सुरू केला तिचा क्रमांक ६१० होता, त्याची ती आठवण होती.

४

अ‍ॅमेझॉनच्या संगणकसेवा विभागाचे निवेदन २८ फेब्रुवारी २०१७ च्या बिघाडासंबंधी आहे. असंख्य दुकाने आणि संकेतस्थळे आपली चित्रे व नोंदी या विभागाच्या साठवणसेवेत ठेवतात. त्या दिवशी अमेरिकेच्या पॅसिफिक प्रमाणवेळेनुसार सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी एका अधिकृत कर्मचाऱ्याने, ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे, काही थोडे सर्व्हर काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतील एक मूल्य चुकीचे भरले गेले आणि अपेक्षेहून पुष्कळ अधिक सर्व्हर निघाले. सेवा पूर्ववत होण्यास दुपारचे १ वाजून ५४ मिनिटे झाली. वृत्तपत्रांनी कारण एका शब्दात सांगितले : टंकनदोष.

निवेदन त्या शब्दापाशी थांबत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. कर्मचारी अधिकृत होता आणि कार्यपद्धती ठरलेली होती, ही दोन विशेषणे त्याच्यावरील दोष हलका करतात. चूक सांगताना वाक्य कर्मणी होते. मराठीत हा आशय 'त्याच्या हातून' या शब्दांनी नेमका व्यक्त झाला असता. पुढे कर्तेपण साधनाकडे जाते : वापरलेल्या साधनाने फार मोठा भाग फार वेगाने काढू दिला. मग काळाचा उल्लेख येतो. बाधित उपयंत्रणा मोठ्या प्रदेशांत कित्येक वर्षे पूर्णपणे बंद करून पुन्हा चालू केलेल्या नव्हत्या, मधल्या काळात सेवा अतोनात वाढली होती, म्हणून पुनरारंभास अपेक्षेहून अधिक वेळ लागला. शेवटी एक विलक्षण बाब नमूद होते. सेवेची प्रकृती दर्शवणारा जाहीर फलक त्याच साठवणसेवेवर अवलंबून असल्याने ११ वाजून ३७ मिनिटांपर्यंत त्याच्यावर बिघाड दाखवताच आला नाही.

येथे एका घटनेला चार निराळ्या जातीची कारणे दिली आहेत : हातची चूक, साधनाची मोकळीक, वाढीमुळे जुना झालेला अनुभव आणि परस्परावलंबन. यांपैकी पहिलेच अलीकडे बदललेले होते. उरलेली तीन वर्षानुवर्षे शांतपणे तेथेच होती. उपाययोजनाही बहुतांशी या तिहींवर आहे. साधन आता सावकाश काढते आणि ठरावीक मर्यादेखाली जाऊ देत नाही. निवेदनाची उणीव असलीच तर ती शेवटच्या पायरीवर आहे. उपयंत्रणेचे अधिक लहान भाग करण्याचे काम त्याच वर्षी पुढे करावयाचे ठरले होते, ते आता तातडीने हाती घेतले जाईल, असे सांगितले आहे. ते काम नंतरसाठी ठेवताना कोणते काम आधी घेतले गेले, याविषयी निवेदन मौन पाळते. चुकीला आणि साधनाला व्याकरण मिळाले. प्राधान्यक्रमाला मिळाले नाही.

५

वरील दोन्ही लेखनांना निदान वाचक लाभले. ऑनलाइन व्यापारातील बहुसंख्य अडचणींचे कारण मात्र कोणीही वाक्यात लिहीत नाही. ते यादीतून निवडले जाते. पार्सल पोचवणाऱ्या माणसाच्या हातातील पडद्यावर ठरावीक पर्याय असतात : पत्ता अपुरा, ग्राहक उपलब्ध नाही, ग्राहकाने नाकारले. दिवसअखेर या नोंदींची बेरीज होते आणि बेरजेला कारणमीमांसा समजले जाते. यादीत जे नाही ते कारण असू शकत नाही.

'पत्ता अपुरा' या नोंदीचा विचार करावा. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी भाषक संस्कृत पंडित होते. सहा अंकांची ही योजना पत्र योग्य वाटप-टपालकचेरीपर्यंत नेण्यासाठी आखलेली होती. तेथून घरापर्यंतचे अंतर पोस्टमनच्या ओळखीने तोडले जाई. 'मारुतीच्या देवळामागे, पाटलांच्या चाळीत' हा पत्ता त्या पोस्टमनच्या दृष्टीने पूर्ण होता. तोच पत्ता भिवंडीच्या वखारीतून निघालेल्या, आजच त्या भागात आलेल्या तरुणाला अपुरा वाटतो. पत्ता बदललेला नाही. वाचक बदलला आहे. अपुरेपण हा येथे शब्दांचा गुण नसून शब्द व वाचक यांच्यातील संबंधाचा आहे, ही गोष्ट अर्थविचाराच्या विद्यार्थ्याला नवी नाही. नोंद मात्र तो गुण पत्त्याला, म्हणजे पर्यायाने ग्राहकाला, चिकटवते. मग उपाय म्हणून पत्त्याच्या अर्जात आणखी रकाने वाढतात, आणि त्या गल्लीची माणसे ओळखणारा वाटपी टिकवून ठेवावा, हा विचार पुढे येत नाही.

६

यावर काही विचारवंतांनी टोकाची भूमिका घेतली आहे. रिचर्ड कुक यांनी १९९८ साली लिहिलेल्या निबंधात, गुंतागुंतीच्या यंत्रणांच्या अपघातांना एकच मूळ कारण जोडणे मुळातच चुकीचे आहे, असे म्हटले आहे. तत्त्वतः हे मत जुने आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ सालच्या आपल्या तर्कग्रंथात सर्व अटींचा समुच्चय म्हणजे कारण, असे प्रतिपादन केले होते, आणि त्याच्याही कित्येक शतके आधी जयंतभट्टांनी 'न्यायमंजरी'त करणत्व एका घटकाला न देता संपूर्ण सामग्रीला दिले होते. 'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' या म्हणीचा रोख वेगळा असला तरी तिच्यातील भूगोल येथे लागू पडतो. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. पुढच्या पाण्याचे मूळ महाबळेश्वरचे एकच स्थान मानणे हा नाव ठेवण्याचा संकेत आहे, पाण्याचा नव्हे.

परंतु सामग्री म्हणजेच कारण एवढे सांगून व्यापाऱ्याची सुटका होत नाही. त्याला उद्या सकाळी दुकान उघडायचे असते आणि सर्वच कारण असेल तर काय बदलावे, हे कळत नाही. न्यायशास्त्राने या अडचणीवर विवेकाचे साधन दिलेले आहे. घटाच्या उत्पत्तीपूर्वी माती वाहणारे गाढव उपस्थित असते, कुंभाराचा पिताही होऊन गेलेला असतो; तरी नैयायिक त्यांना 'अन्यथासिद्ध' ठरवून कारणांतून वगळतात. पूर्वी असणे वेगळे आणि कारण असणे वेगळे. पाणिनीनेही कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे मानले आणि करणाचे लक्षण क्रियासिद्धीस अत्यंत साधक असणे हे मानले. ही दोन लक्षणे चौकशीच्या टिपणांना लावली तर फ्लिपकार्टची गर्दी कर्ता ठरत नाही, कारण तिला बोलावलेले होते. आणि चुकीचे मूल्य भरणारा कर्मचारीही पूर्ण अर्थाने कर्ता ठरत नाही, कारण त्याच्या हाताला किती जाऊ द्यायचे हे साधन घडवणाऱ्यांनी आधीच ठरवले होते.

यास्तव 'मूळ कारण' ही संज्ञा टाकून देण्यापेक्षा तिचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट होय. सामग्रीतील ज्या घटकात बदल करण्याचे स्वातंत्र्य कोणाला तरी होते, आणि जो बदलला असता तर ही एकच नव्हे तर या जातीची इतर विघ्नेही टळली असती, त्याला मूळ कारण म्हणावे. असे मानले की मूळ कारण ही सापडणारी वस्तू न राहता निवडावयाची गोष्ट होते आणि निवडीचे समर्थन निवडणाऱ्याला द्यावे लागते. त्या रकान्यातील वाक्याला मग तीन कसोट्या लावता येतात. क्रियापद अकर्तृक असेल तर त्याची सकर्मक जोडी घालून पाहावी : 'साठा संपला' याऐवजी 'साठा एवढाच ठेवला'. तुलना असेल तर तिची दुसरी बाजू लिहावी. वाक्यातला कर्ता सर्वांत कमी अधिकाराचा मनुष्य असेल तर त्याच्या हाती कोणते स्वातंत्र्य होते, हे विचारावे.

या कसोट्यांनी बिघाड दुरुस्त होणार नाहीत. ते काम अभियंत्यांचेच आहे. परंतु वाटपी, हमाल, फोनवर तक्रार ऐकणारी मुलगी यांच्या नावाने जी वाक्ये रोज लिहिली जातात, त्यांपैकी किती वाक्यांत ते खरोखर कर्ते आहेत आणि किती वाक्यांत केवळ शेवटचे निमित्त, हा भेद व्याकरणाखेरीज दुसरे शास्त्र इतक्या सहज दाखवू शकणार नाही. मराठी प्रयोगविचाराच्या अभ्यासकांनी वखारीतील नोंदी, चौकशीची टिपणे आणि क्षमापत्रे हे आपल्या अभ्यासाचे साहित्य मानले, तर त्या शास्त्राचा आणि त्या माणसांचा, दोहोंचाही लाभ होईल.